सत्तेचाळीस नंबरचा पेशंट

दवाखान्याच्या लॅबमध्ये सत्तेचाळीस नंबरची ट्यूब भिंगकाकांनी शेहेचाळीस आणि अठ्ठेचाळीसच्या मधे हळूच खोचली. केसपेपरवरचं नाव खोटं, ताप खोटा. रक्त तेवढं खरं, आणि तेही ठणठणीत माणसाचं. त्या माणसाने उभ्या नोकरीत एकदाही आजारपणाची रजा घेतल्याचं काकांना आठवत नव्हतं.

बाह्यरुग्ण विभागात तापाचा पेशंट आला, की डॉक्टर मॅडम हल्ली दोन तपासण्या लिहीत. मलेरियाची स्लाइड काका बघत. हेपॅटायटिस बीची पट्टी नव्या टेक्निशियनकडे. पंधरा दिवसांत तिघांना दोन्ही आजार एकदम निघाले, तेव्हा मॅडम सगळ्यांदेखत तिला म्हणाल्या, "शाब्बास! तू नसतीस तर हे सुटलेच असते."

त्या तिघांचा मलेरिया काकांनी पकडला होता. त्याचं कोणाला काही नव्हतं. आणि ही पोरगी निरोगी माणसालाही आजारी ठरवते, अशी काकांची खात्रीच होती.

"काका, पंखा बंद करू? कुडकुडताय तुम्ही. परवाही असंच झालं होतं."

"राहू दे. तू आलीस म्हणून तर मॅडमनी लावून घेतलाय."

काकांनी स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. घरी बायकोही तिचंच नाव काढायची. "डबा निम्मा परत येतो. त्या पोरीवर जळूनच पोट भरतं वाटतं तुमचं!"

सत्तेचाळीसची स्लाइड त्यांनी भिंगाखाली ठेवलीच नाही. बघायचं काय त्यात? रजिस्टरमध्ये सरळ 'निगेटिव्ह' लिहिलं.

दुपारी ती नवी मुलगी मॅडमना म्हणाली, "सत्तेचाळीसला हेपॅटायटिस बी आहे."

काका ताडकन उठले. याच क्षणाची ते वाट पाहत होते.

"साफ चूक! मॅडम, हा माणूस निरोगी आहे."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"पुन्हा तपासा, कळेल. आणि चूक निघाली तर हिला या टेबलावर ठेवायचं नाही. लोकांच्या जिवाशी खेळ आहे हा."

नवीचा चेहरा पडला. मॅडमनी स्वतः दुसरी पट्टी फोडली. दोन रेघा, म्हणजे पॉझिटिव्हच. तिसरी फोडली. पुन्हा दोन. मग त्यांनी काकांची स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि बराच वेळ डोळा हलवला नाही.

"काका, मलेरियासुद्धा आहे हो. भरपूर आहे. तुम्ही निगेटिव्ह कसं लिहिलंत?"



"सकाळी गर्दी फार होती, मॅडम," नवी घाईने म्हणाली. "माझ्याच बडबडीने त्यांचं लक्ष उडालं असेल."

"ते नंतर बघू. आधी या माणसाला शोधा. दोन्ही आहेत, आजच औषध सुरू व्हायला हवं. पत्ता काय दिलाय?"

नवीने केसपेपर उलटसुलट करून पाहिला. "पत्ताच नाही."

काकांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग स्वेटरची डावी बाही कोपराच्या वर सरकवली. सकाळचा कापूस अजून चिकटपट्टीखाली तसाच होता.