पिवळी ओळ

"ही पिवळी ओळ कुठून उपटली?" भावोजींनी विचारलं.

उपटली नव्हती, होतीच. धाकटीने सकाळी फक्त तिच्यावरचं पांघरूण काढलं होतं. डायलिसिसच्या मशीनसाठी लिनक्सवर चालणारं पॅकेज बनवायचं काम तिच्याकडे. पॅकेज तयार झालं की तपासणीचा प्रोग्राम कुरकुर करतो. ती कुरकुर ऐकायची नसेल, तर एका फाइलमध्ये तसं लिहून ठेवता येतं. कंपनीचे मालक असलेल्या भावोजींनी तिथे कधीतरी एक स्टार टाकला होता. स्टार म्हणजे सगळ्याच लायब्ररींबद्दल, बाहेरून आणून जोडलेल्या तयार कोडबद्दल, गप्प बस. धाकटीने तो खोडला आणि स्क्रीनवर पिवळी ओळ उमटली: आतली एक लायब्ररी जुनी आहे, तिच्यातला दोष जाहीर झालेला आहे, तिचा मूळ सोर्स कोड सापडत नाही.

"रक्ताचा वेग हीच लायब्ररी मोजते," धाकटी म्हणाली. "आकडा मधेच अडकतो आणि मशीनला वाटतं, सगळं आलबेल आहे."

"आपल्याकडे अडकलाय का एकदा तरी?"

"कळणार कसं? सांगणाऱ्याचंच तोंड बांधून ठेवलंय आपण."

भावोजी काही दुष्ट नव्हते. आज ग्राहकाची सही झाली नाही, तर ही दोन खोल्यांची कंपनी बंद पडणार होती. धाकटीलाही ते ठाऊक होतं.

"स्टार नको तर नको," भावोजी जरा नरमले. "ह्या एकीलाच गप्प कर. पुढच्या महिन्यात निवांत बघू."

"कारण लिहावं लागतं. खाली नाव. नियम तुमचाच आहे."

"मग लिही की! तपासून पाहिलं, धोका नाही."

"तपासलंय मी. धोका आहे."

भावोजींनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. कारण खडाखडा टाइप केलं आणि खाली तिचं नाव घातलं. धाकटीने हात लांब करून ते नाव एकेक अक्षर खोडलं.

"मग कुणाचं घालू?"

"जो लिहितोय त्याचं."

कर्सर लुकलुकत राहिला. भावोजींची बोटं कीबोर्डवर होती, पण एकही बटण दाबलं गेलं नाही. मग सगळा राग एकदम बाहेर आला.

"मेहुणी म्हणून किती लाड करायचे? उद्यापासून येऊ नकोस!"

"नाही येणार. आज आहे ना."

तिने फाइल सेव्ह न करताच बंद केली. मागची पिवळी ओळ पुन्हा दिसू लागली.

बेल वाजली. शेजारच्या खोलीतून ताई डोकावली. नवऱ्याचं तोंड बघितलं, बहिणीचं बघितलं. "सही करणारे पाहुणे आलेत. चहा टाकू?"

"टाक ताई," धाकटी म्हणाली. "जरा जास्तच टाक. सांगायला वेळ लागणार आहे."

आणि तिने मॉनिटर पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे फिरवला.