नव्या यंत्राची पूजा

गोळीत उरलेली रसायनं हुंगून काढणारं नवं यंत्र कोरियातल्या आमच्या ओसोंगच्या औषध कारखान्यात आलं, तेव्हा प्योन साहेबांनी रीतीप्रमाणे त्याची पूजा केली आणि खोलीच्या चारी कोपऱ्यांत मक्कोली ओतली. तांदळाचीच दारू, देवाला चालते. उरलेली साहेबांनाही चालली. तेवढ्यात तपासनीस नामगुंग बाई हजर! त्यांनी यंत्राला पास केलं, तरच माल बाहेर जाणार होता. पहिल्याच गोळीत अल्कोहोल निघालं. बाईंनी रिकामी कुपी लावली, तर तिच्यातही! “द्या स्पष्टीकरण,” बाई गुरगुरल्या. “खोटं कशाला बोलू, बाई? आम्हीच पाजली त्याला,” साहेब घाम पुसत म्हणाले. “यंत्राला?” “शुभ असतं हो!” बाई खुदकन हसल्या. “कोपऱ्यातली दारू रिकाम्या कुपीत पकडली? नाक भलतंच तिखट आहे याचं. यंत्र पास! गोळ्या उद्या तपासू, खिडक्या उघडून. आणि साहेब, तुमचं तोंड मिटून!”