रिकाम्या खुर्चीची जोडी

"पाठ्यपुस्तकांचा प्रश्न सोडला, दारूच्या दुकानांचा सोडला. आता हे एकच उरलंय," काकांनी गाडीचं दार ओढून घेतलं. "हे झालं की माझ्यापुरतं अधिवेशन संपलं."

पुतणीने गाडी सुरू केली. ती आमदार काकांची स्वीय सहायक. चारचौघांत 'साहेब' म्हणायचं असं ठरलेलं होतं, पण घाईत तिच्या तोंडून काकाच निघायचं.

काका जुन्या वळणाचे. नवं काही आलं की त्यांच्या कपाळाला आठी पडलीच म्हणून समजा. आठवड्यातून एक दिवस सगळी दुकानं बंद असावीत, माणसांनी घरी एकत्र जेवावं, एवढंच त्यांचं विधेयक. काकांचे वडील दुकानदार होते. ते मुलांबरोबर जेवायला बसलेत, असं काकांनी कधी पाहिलंच नव्हतं. या विधेयकासाठीच काका राजकारणात आले होते आणि आता पुन्हा निवडणूक लढवणार नव्हते. बाकीचे दोन्ही आवडते विषय त्यांनी याच्या मतांसाठी सोडून दिले होते.

आडव्या यायच्या त्या समोरच्या बाकावरच्या बाई. सभागृहात त्यांना सगळे तोफ म्हणत. रोज कमावून रोज खाणाऱ्याने तुमच्या सुटीच्या दिवशी काय खायचं, हा त्यांचा सवाल. काकांचं उत्तर अर्धवट असतानाच पुढचा गोळा सुटलेला असे.

मतांचं गणित सोपं होतं. बाई हजर असत्या तर मतं समसमान पडली असती. तशी पडली की अध्यक्षांनी आपलं मत 'आहे तेच चालू राहू दे' या बाजूने द्यायचं, ही सभागृहाची प्रथा. ती मोडू नये म्हणून काकाच इतकी वर्षं भांडत आले होते. म्हणजे विधेयक पडलंच असतं. पण बाई आजारी पडल्या. तब्येत बरी नाही, एवढंच त्यांच्या पक्षाने कळवलं. काका एका मताने जिंकणार होते.

"आधी दवाखान्यात घे," काका म्हणाले.

ती गाडीतच थांबली. काका वर गेले आणि थोड्या वेळाने चष्मा पुसत परत आले.

"कशा आहेत बाई?"

"शांत आहेत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला मध्येच न तोडता पूर्ण बोलू दिलं."

पुतणी हसली. काका हसले नाहीत.

"मी आज मत देणार नाही," ते म्हणाले. "बाईंशी जोडी केलीय. त्या येऊ शकत नाहीत, तर मीही मत देणार नाही. शब्द दिलाय."

तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. जोडीची ही रीत तिने फक्त ऐकली होती. समोरचा एक आजारी, तर आपला एक गप्प. कुठे लिहिलेलं नाही, आणि अलीकडे कुणी पाळतही नाही.

"त्यांनी मागितला शब्द? असा मागतात?"

"मागायची वेळच येऊ दिली नाही. मीच दिला."

"काका, सगळ्यावर पाणी पडेल."

"पडेल," काका म्हणाले. "चल, उशीर होतोय."

सभागृहाच्या दारातच पक्षाच्या प्रतोदांनी त्यांना गाठलं. कोण हजर, कोण कुठल्या बाजूने मत देणार, हे बघणं त्यांचं काम. सगळं ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"साहेब, विधेयक तुमचं. त्यासाठी आम्ही घसा कोरडा केला. फोन लावा बाईंना आणि शब्द परत घ्या."

"शब्दातून मोकळं करायचं तर ते त्यांनीच करावं. त्या उठून म्हणू देत, मी या पावली मत देतो."

"त्या कशाला म्हणतील?"

"नाहीच म्हणणार," काका म्हणाले आणि आत गेले.

पुतणी वरच्या सज्जात बसली. तिला राग आला होता, आणि रडूही येत होतं. मतदान पुकारलं गेलं. बाजूने असलेल्यांनी उभं राहावं, असं अध्यक्ष म्हणाले. काकांच्या डावी-उजवीकडची माणसं उठली, मागची उठली. ज्याच्या नावाचं विधेयक, तो माणूस तेवढा मांडीवर हात ठेवून बसून राहिला. विरोधात असलेले उठले तेव्हाही तो बसूनच होता. समोर बाईंची खुर्ची रिकामी होती आणि काका तिच्याकडेच बघत होते.

समसमान. अध्यक्ष क्षणभर काकांकडे बघत राहिले, मग त्यांनी प्रथेप्रमाणे मत दिलं. विधेयक पडलं.

विरोधी बाकांवर एकानेही बाक वाजवला नाही. पुतणीचा राग कुठल्या कुठे गेला. लहानपणापासून ज्यांच्या हाताला धरून ती चालली होती, ते हेच काका का, असं तिला वाटलं. असा शब्द पाळणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता.

खाली आली तर काकांना लोकांनी घेरलं होतं. जिन्याशी बाईंचा मुलगा उभा होता. आईची इथे राहून गेलेली शाल आणि चष्मा न्यायला तो आला होता. त्याच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं होती.

"सकाळी तुझे काका आईजवळ बसले, म्हणून मला खाली जाऊन चहा तरी घेता आला," तो म्हणाला. "निकाल काय लागला?"

"पडलं. काकांनी मतच दिलं नाही. बाईंना सांग, त्यांच्याशी बोलणं झालं होतं तसंच काका वागले."



"बोलणं कसं होईल?" त्याने आवाज खाली आणला. "पक्षाने बाहेर सांगू नका म्हटलंय, पण आईला दवाखान्यात आणलं तेच बेशुद्ध. तिने अजून डोळेसुद्धा उघडलेले नाहीत."