ओठांचा कोपरा

"पुन्हा उतरला," मास्तर म्हणाले. त्यांची काठी कॅनव्हासवरच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्याशी थांबली. "समोरून काढलेल्या चेहऱ्याच्या दोन बाजू जुळायला नकोत?"

तिने हातातला ब्रश खाली ठेवला. दिवसभर प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळे लावायचे आणि मग इथे चित्रकलेच्या वर्गात उभं राहायचं. पाठीचा काटा ढिला झाला होता.

"बाबांचं तोंडच जरा तसं असेल, मास्तर."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" वर्ग हसला. "खरवडा. पुढच्या बुधवारी सरळ आलं तर वरचा वर्ग. नाहीतर हेच वर्ष पुन्हा."

तिने पातं घेतलं. ओला तैलरंग तिसऱ्यांदा निघाला. आणखी एक वर्ष काढायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

रविवारी बाबा नेहमीसारखे खिडकीपाशी बसले. आज नजरेवर विसंबायचं नाही, असं तिने ठरवलं. कर्कटक आणि पट्टी घेऊन ती त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसली.

"कोट शिवणार आहेस काय?"

"हलू नका, बाबा."

"हलतोय कुठे? पाच रविवार पुतळा झालोय तुझ्यापायी."

बुबुळापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत. उजवीकडे सदुसष्ट मिलिमीटर. डावीकडे एकाहत्तर. तिने तीनदा मोजलं, तीनदा एकाहत्तरच आलं. पहिल्या रविवारचं पेन्सिलचं रेखाटन तिने शोधून काढलं. तेव्हाही तिने असंच मोजलं होतं आणि माप कडेला लिहिलं होतं. दोन्हीकडे सदुसष्ट.

"बाबा, शीळ वाजवा बरं."

"भलतंच काय!" त्यांनी ओठांचा चंबू केला. नुसता वारा निघाला, तोही एका बाजूने. "च्यायला," म्हणत ते हसले. हसू डावीकडे पोहोचलंच नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बाबांना गाल फुगवायला लावले, डोळे घट्ट मिटायला लावले. मग पुन्हा एकदा तेच. बाबा मुकाट्याने करत राहिले. डॉक्टरांनी पेन उचललं.

"हे कधीपासून?"

"कालपासूनच हो," बाबा म्हणाले. "हिने मोजलं म्हणून कळलं."

"नाही," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले, डॉक्टर. दर रविवारी मला दिसत होतं आणि दर बुधवारी मी ते खरवडून टाकत होते."