एकच टीं

शुक्रवार सुट्टीचा, म्हणून देवव्रत लेकीला, नुपूरला घेऊन कतारच्या दोहा शहरात इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायला आला होता. मंचावर एकच वादक, एकच यंत्र आणि थांबून थांबून एकच 'टीं'.

देवव्रतच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो कामाला होता त्या गॅस प्लांटवर विषारी वायू सुटला की छातीवरचा डिटेक्टर अस्साच वाजतो.

"नुपूर, ऊठ. बाहेर चल."

"बाबा, चिल! म्युझिक आहे ते." ती डोळे मिटून हसली.

गळती झाली की वाऱ्याच्या विरुद्ध पळायचं, त्या सवयीने तो वाऱ्याची दिशा शोधू लागला. बंद सभागृहात कुठला वारा? पुढच्या रांगेतल्या माना एकेक करून कलंडत होत्या.

वादकाने यंत्र बंद केलं, वाकून अभिवादन केलं. टाळी एकही वाजली नाही. 'टीं' मात्र चालूच होती; ती त्या यंत्राची नव्हतीच, खऱ्या अलार्मची होती.

नुपूरचं डोकं अलगद त्याच्या खांद्यावर आलं. उठायचं होतं त्याला, पायच हलेनात.