माश्यांचा वाटा

झाकण उचललं, तर मधपेटीत एकही माशी नव्हती. कोरड्या पोळ्यांवर मुंग्या फिरत होत्या. भर पावसात, परसात छत्री धरून हेमांगी नुसती बघत राहिली.

उन्हाळ्यात तिनं हौसेनं सगळा मध काढून नातेवाइकांना वाटला होता. पावसाळ्यात फुलं मिळेनाशी झाली की माश्या त्याच मधावर जगतात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. उपाशी माश्या पेटी सोडून निघून गेल्या होत्या.

"जाऊ दे आता. पेटी देऊन टाकू कुणाला तरी," तिचा नवरा विद्याधर म्हणाला.

"चूक माझी आहे, पेटीची नाही."

थंडीत तिनं नव्या माश्या आणल्या. वैशाखात पोळी मधानं गच्च भरली, तोच नणंदेचा फोन आला.

"हेमांगी, यंदा मला चार बाटल्या ठेव गं."

"यंदा एकच मिळेल, वन्सं. बाकीचा माश्यांना लागेल."

"म्हणजे आमच्यापेक्षा माश्या जवळच्या?" वन्संनी फोन आपटला. हेमांगीनं मात्र माघार घेतली नाही.

आषाढभर पाऊस कोसळत होता. माश्यांना मध कमी पडू नये म्हणून ती अधूनमधून पेटीत साखरेचा पाकही ठेवत होती. श्रावणात उघडीप मिळताच तिनं झाकण उचललं, आणि हात झटकत किंचाळली.

विद्याधर धावत आला. "काय झालं?"

लाल झालेलं बोट नाचवत ती हसत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"चावली! अहो, आहेत सगळ्या घरात!"