हार्लन स्ट्राउड यांचं काय झालं?

सकाळी सव्वाअकरा वाजता हार्लन स्ट्राउड मासिकाच्या कचेरीत आला. त्या महिन्याच्या अंकात तो वारल्याचं छापून आलं होतं.

"तो म्हातारबाबा कुठंय?" त्यानं दारातूनच विचारलं. हातातल्या अंकाची त्यानं सुरळी केली होती.

कोपऱ्यातल्या टेबलावरून विनिफ्रेड टॉलंडनं मान वर केली. चित्रपटवेड्या वाचकांच्या प्रश्नांना दर महिन्याला उत्तरं देणारे, तळघरात राहणारे, पांढऱ्या दाढीचे म्हातारबाबा म्हणजे गेली कित्येक वर्षं तीच होती.

"बोला," ती म्हणाली. "मीच."

त्यानं तिला नीट पाहून घेतलं. "म्हणजे मी मेलेलो नाही आणि तुम्हाला दाढी नाही. तुमच्या मासिकात खरं काय असतं, बाई?"

"बसा, मिस्टर स्ट्राउड."

"बसायला नाही आलो. काल माझी आवाजाची चाचणी होती. बोलपट आल्यापासून स्टुडिओंच्या पायऱ्या झिजवतोय, तेव्हा कुठं बोलावणं आलं. फाटकावरचा माणूस मला म्हणतो, स्ट्राउड गेला, त्याच्या नकला करणारे नकोत आम्हाला. वर म्हणतो, नाक तेवढं जमलंय."

विनिफ्रेड हसली नाही. भिंतीशी फोटोंची दोन लोखंडी कपाटं होती. डावीकडच्या कपाटात हयात नट-नट्या, उजवीकडच्यात गेलेले. कुणी वारलं की फोटो उजवीकडे जायचे, आणि उत्तर लिहिण्याआधी कपाट पाहायचं, अशी पद्धत होती. तिनं उजवं कपाट उघडून एक फोटो त्याच्या हातात दिला. मूकपटांच्या भरातला, घोड्याला टेकून उभा स्ट्राउड, आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलेली आयव्ही डॉर्न. आयव्ही न्यूमोनियानं गेली, तेव्हा तिचे सगळे फोटो उचलून इकडे आणले होते. त्यांच्याबरोबर हाही आला.

"दुसरा फोटो शोधायचात की."

"तुमचा दुसरा नव्हता आमच्याकडे."

मग तो बसला.

टेबलाखाली संत्र्यांच्या खोक्यात पत्रं होती, सगळी दुखवट्याची. त्यानं वरचं उचलून वाचलं. कॅन्ससच्या एका बाईनं त्याच्या तसबिरीला काळी फीत लावली होती.

"जिवंत होतो तेव्हा हात मोडले होते का यांचे?"

"वर्षभरात एक पत्र आलं होतं," विनिफ्रेड म्हणाली. "हार्लन स्ट्राउड यांचं काय झालं, असं. त्याचंच उत्तर दिलं मी."

आवाज ऐकून संपादक प्रुइट आतून आले. सगळं ऐकून त्यांनी स्ट्राउडशी हस्तांदोलन केलं आणि तब्येतीची चौकशी केली. दुरुस्तीचं नाव काढताच मात्र मान हलवली.

"म्हातारबाबा चुकत नाहीत, साहेब. त्याच भरवशावर लोक अंक घेतात. वाचकानं विचारलं, तर गोष्ट वेगळी. विचारलंय कुणी, हे जिवंत आहेत का म्हणून?" त्यांनी खोक्यात हात घालून पत्रं वरखाली केली. "हे तर सगळे रडतायत. विचारत कुणीच नाही."

"मी विचारतो."

"तुम्ही वाचक नाही."

प्रुइट आत गेले. विनिफ्रेडनं कागद आणि पेन्सिल पुढं सरकवली. स्ट्राउडनं थोडा विचार केला आणि नेब्रास्कातल्या एका मुलीच्या नावानं लिहिलं, 'प्रिय म्हातारबाबा, हार्लन स्ट्राउड खरंच वारले का? त्यांचे डोळे कुठल्या रंगाचे आहेत?'

"डोळे कशाला?"

"सगळ्या तेच विचारायच्या. नाहीतर खरं नाही वाटणार." तो उठला. "नोव्हेंबरच्या शेवटी आणखी एका बोलपटाच्या चाचण्या आहेत. त्याआधी येईल ना हे?"

"डिसेंबरचा अंक नोव्हेंबरच्या मध्यावर निघतो," ती म्हणाली. "त्यात घालते."

तिनं घातलं. 'हयात आहेत. डोळे करडे.' प्रुइटनी ती ओळ कापली. त्याच अंकात स्ट्राउडला श्रद्धांजलीचं रंगीत पान होतं आणि ते आधीच छापून झालं होतं.

"पुढं हार घालायचा आणि मागच्या पानावर उठवून बसवायचं? हसतील लोक, विनी. पुढच्या महिन्यात बघू."

पुढच्या महिन्यात साबणाची जाहिरात आली आणि तळातली चार उत्तरं गळली. त्यात हे होतं.

गेल्या शुक्रवारी प्रुइट आपणहून म्हणाले, "घाल ते आता. पण या खेपेला खात्री करून घे."

तिनं स्ट्राउडच्या खाणावळीत फोन लावला. तिथं वरच्या मजल्यावर तो राहत होता. मालकीणबाई फोनवर आल्या.

"तो होय? नोव्हेंबरातच, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी गेला की. कुठं, ते नाही सांगितलं. ट्रंक इथंच आहे. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही. आपण कोण?"

"वाचक," विनिफ्रेड म्हणाली.

चार वाजता छापखान्याचा माणूस मजकूर घेऊन गेला. नेब्रास्काच्या मुलीचं उत्तर तेवढं तिच्या टेबलावर राहिलं. आयव्ही आणि स्ट्राउडचा फोटो सध्या दोन्ही कपाटांच्या वर ठेवलेला आहे.